प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मनमध्ये चालवून दाखवला, तर कंपनीचे साहेबच हादरले..

एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात जा, मशीनशेजारी एक पत्र्याचं पॅनल दिसेल. त्यात वायरींच्या गुंत्यात एक डबा बसवलेला असतो, त्याचं नाव पीएलसी. पट्टा कधी चालवायचा, मोटर कधी थांबवायची, बाटली भरली की झाकण कधी लावायचं, हे सगळं हा डबा ठरवतो. अर्थात त्याला कुणीतरी आधी शिकवावं लागतं, म्हणजे त्याचा प्रोग्राम लिहावा लागतो.

आता गंमत अशी की हा प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर पहिल्या ओळीपासून लिहीत बसत नाही. मोटर सुरू-बंद करायचा ब्लॉक मागच्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी लिहिलेला असतो. तो लायब्ररीतून उचलायचा, नव्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करायचा, पत्ते जुळवायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. मशीन जर्मनीहून आलेलं असेल तर त्यातली माहिती, सूचना, अलार्म जर्मनमध्ये असतात. मग सॉफ्टवेअरमध्ये त्याच प्रोजेक्टला इंग्रजीचा दुसरा रकाना जोडायचा. भाषा बदलली तरी मशीनचं काम तेच राहतं.

सीमेन्सच्या स्टेप ७ या सॉफ्टवेअरमध्ये तर आज्ञासुद्धा दोन भाषांत आहेत. इनपुटला जर्मन पद्धतीत ई, इंग्रजी पद्धतीत आय. ‘आणि’ या अटीला जर्मनमध्ये यू, इंग्रजीत ए. त्यात जर्मन पद्धतीतला ए म्हणजे आउटपुट, त्यामुळे नवखा माणूस चक्रावतो. पण सेटिंग बदललं की तोच प्रोग्राम दुसऱ्या भाषेत दिसतो.

तयार तुकडे जोडून प्रोग्राम बनवायचा आणि माणसाची भाषा कुठलीही असली तरी मशीनला फरक पडू द्यायचा नाही. आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण पहिला पीएलसी आला १९६०च्या दशकाच्या शेवटी. त्याच्याही आधी एक गणिताची प्राध्यापिका याच दोन गोष्टींसाठी आपल्याच कंपनीशी भांडत होती.

तिचं नाव ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म झाला. माहेरचं आडनाव मरे. वडील विम्याच्या व्यवसायात, पणजोबा अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल होऊन गेलेले. सात वर्षांची असताना तिनं घरातलं गजराचं घड्याळ उघडलं. ते परत जुळेना, म्हणून आत नेमकं काय असतं हे बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं सुटी झाली. आईनं शेवटी तोडगा काढला, एक घड्याळ तुझं, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पुढे जिचं नाव भाषांमुळे गाजलं, ती सोळाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशाला अडकली ती लॅटिनच्या पेपरमुळे. वर्षभरानं प्रवेश मिळाला. १९२८ ला गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३४ ला येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९४५ ला घटस्फोट झाला, पण आडनाव तेच राहिलं.

व्हॅसरमध्येच त्या शिकवू लागल्या. तिथं त्यांची एक खोड होती. गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावायच्या आणि त्याचे मार्कही द्यायच्या. मुली कुरकुरायच्या, की हा गणिताचा वर्ग आहे, भाषेचा नाही. हॉपरबाईंचं म्हणणं असं, की तुम्हाला गणित आलं पण दुसऱ्याला समजावून सांगता आलं नाही, तर त्या गणिताचा उपयोग काय? हा मुद्दा त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांना नौदलात जायचं होतं. अडचणी तीन. वय पस्तिशीच्या पुढे, वजन १०५ पौंड म्हणजे नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी, आणि गणिताचे प्राध्यापक देशाला शिकवण्यासाठी हवेत म्हणून त्यांना सहसा सोडत नसत. त्यांनी कॉलेजकडून रजा मिळवली, वजनाची सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात भरती झाल्या. ट्रेनिंगमध्ये वर्गात पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात. तिथं तळघरात ५१ फूट लांब, ८ फूट उंच असं एक धूड उभं होतं. आयबीएमनं बांधलेलं हे मशीन म्हणजे मार्क वन. त्याचं अधिकृत नाव होतं ऑटोमॅटिक सिक्वेन्स कंट्रोल्ड कॅल्क्युलेटर, म्हणजे क्रमानं दिलेल्या आज्ञा आपोआप पाळणारं गणनयंत्र. कागदी पट्टीवर भोकं पाडून आज्ञा द्यायच्या. सेकंदाला तीन बेरजा व्हायच्या आणि एका गुणाकाराला सहा सेकंद लागायचे. आजच्या हिशेबानं बैलगाडी, पण खोलीभर माणसं कागदावर आकडेमोड करत बसण्यापेक्षा कितीतरी वेगवान.

प्रमुख होते हॉवर्ड एकन. तापट माणूस. नौदलाच्या तोफांचे तक्ते, पाणसुरुंगांची गणितं असलं काम दिवसरात्र चालायचं. जॉन फॉन नॉयमनही एक गणित घेऊन आले होते. ते अणुबाँबसाठी होतं हे तिथल्या लोकांना नंतर कळलं.

एकननी हॉपर यांना सांगितलं, या मशीनचं मॅन्युअल लिहा. पुस्तक लिहिण्याचा अनुभव नाही म्हणून त्यांनी टाळून बघितलं, पण नौदलात साहेबाला नाही म्हणायची सोय नसते. १९४६ ला हे मॅन्युअल छापून आलं, ५६१ पानांचं. मशीनचा प्रत्येक भाग, आज्ञा कशा लिहायच्या, सर्किटच्या आकृत्या, सोडवलेली उदाहरणं, सगळं त्यात होतं. ज्यांनी मार्क वन कधी पाहिलं नाही त्यांनाही ते वाचून प्रोग्राम कसा लिहितात हे समजलं असतं. कॉम्प्युटरच्या जगातल्या सुरुवातीच्या मॅन्युअलमध्ये याचं नाव घेतलं जातं आणि ते बहुतांशी हॉपर यांच्या हातचं आहे.

याच तळघरात त्यांच्या डोक्यात मूळ कल्पना शिरली. तिथं प्रोग्राम लिहिणारे मोजके लोक होते, हॉपर, रिचर्ड ब्लॉक, रॉबर्ट कॅम्पबेल वगैरे. प्रत्येकाची एक वही असायची. साइन काढायची असेल तर त्याच्या आज्ञा एकाच्या वहीत तपासून ठेवलेल्या असायच्या. दुसऱ्याला लागल्या की तो वही मागून घ्यायचा आणि उतरवून काढायचा. थोडक्यात, इम्पोर्ट व्हायचं ते पेन्सिलीनं.

आणि उतरवताना चुका व्हायच्या. घाईघाईत लिहिलेला इंग्रजी ४ पुढच्याला ए वाटायचा. बी हे अक्षर सुटं पडून १३ व्हायचं. एवढ्यानं अख्खं गणित चुकायचं आणि चूक शोधण्यात दिवस जायचे.

किड्याची गोष्टही इथंच सांगून टाकू. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या पुढच्या मशीनमध्ये, म्हणजे मार्क टूमध्ये, एका रिलेत पतंग अडकून मेलेला सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी फिरतं, की बग हा शब्द हॉपर यांनी शोधला. तसं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती आणि तो पतंग हॉपर यांनी स्वतः पकडलाही नव्हता. त्यांनी तो किस्सा भाषणांमधून रंगवून सांगितला आणि जगभर केला, एवढं खरं.

१९४९ मध्ये हार्वर्डची मुदत संपली. हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. ही छोटी कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. पैशाची तंगी इतकी की १९५० मध्ये ती टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडला विकावी लागली. तो काळ हॉपर यांच्यासाठीही वाईट होता. त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, एकदा त्यावरून अटकही झाली होती. मित्रांनी कानउघाडणी केली. त्यातून त्या बाहेर आल्या आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात कामाची ठरली.

फिलाडेल्फियात त्यांना आठच्या पायावरची अंकपद्धती शिकावी लागली होती, जिच्यात सातनंतर थेट दहा येतो. महिनाअखेर बँकेच्या चेकबुकचा हिशेब काही केल्या जुळेना. शेवटी बँकेत असलेल्या भावानं सगळे आकडे तपासले, तेव्हा कळलं की बाई मधूनच आठच्या पद्धतीनं वजाबाकी करत होत्या. माणसानं मशीनसारखा विचार करायला शिकायचं तर त्याचे असे हाल होणार. त्यापेक्षा मशीननं माणसाकडे चार पावलं यावं, हे त्यांना पटत चाललं होतं.

युनिव्हॅकवर वहीची अडचण आणखी वाढली. प्रत्येक तयार तुकडा शून्य नंबरच्या जागेपासून लिहिलेला असायचा. तो तुमच्या प्रोग्राममध्ये ३०० नंबरच्या जागी बसवायचा असेल तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे. शंभर ओळी असतील तर तितक्या बेरजा, त्याही हातानं. हॉपर यांच्या लक्षात आलं, की प्रोग्रामरना ना नीट उतरवता येतं ना नीट बेरीज करता येते. आणि समोर जे मशीन उभं आहे ते तर उतरवणं आणि बेरीज करणं यासाठीच बनवलंय. मग हे काम त्यालाच का देऊ नये?

१९५१-५२ मध्ये त्यांनी ए-झिरो तयार केला. तपासलेले सगळे तुकडे चुंबकीय टेपवर साठवायचे आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. प्रोग्रामरनं फक्त कुठले नंबर कुठल्या क्रमानं हवेत आणि त्यांना कुठले आकडे द्यायचे एवढं लिहायचं. मशीन टेपवरून तुकडे शोधणार, पत्ते बदलणार, एकामागे एक मांडणार आणि पूर्ण प्रोग्रामची नवी टेप काढून देणार. वेगवेगळ्या गोष्टी गोळा करून संकलन करणारा म्हणून त्याला नाव दिलं कंपायलर. आजच्या अर्थानं तो पूर्ण कंपायलर नव्हता, लिंकर आणि लोडरच्या जवळ जाणारा होता. तयार तुकड्यांची लायब्ररी इंग्लंडमध्ये केंब्रिजलाही होती, आणि मशीननं प्रोग्राम लिहिण्याची सुरुवात आपल्या सहकारी बेटी होल्बर्टन यांनी केली हे हॉपर स्वतः सांगायच्या. पण लायब्ररीतून उचलून जोडण्याचं काम सरसकट मशीनवर टाकायचा आग्रह हॉपर यांचा.

यात एक भारी अडचण होती. समजा, सुरुवातीच्या तुकड्याला पुढे कुठेतरी उडी मारायची आहे. पण पुढचा तुकडा अजून मांडलाच नाही, तर त्याचा पत्ता कुठून आणणार? युनिव्हॅकची मेमरी फक्त १००० शब्दांची, मागे-पुढे करत बसायला जागा नाही.

उत्तर सापडलं बास्केटबॉलमध्ये. कॉलेजात हॉपर बास्केटबॉल खेळायच्या. तेव्हा मुलींच्या खेळात बॉल एकदाच टप्पा देऊन पुढे नेता यायचा. मग बास्केटपर्यंत पोचायचं कसं? बॉल मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तिनं तो परत द्यायचा. हॉपर यांनी मेमरीच्या शेवटी थोडी जागा राखून ठेवली आणि तिला न्यूट्रल कॉर्नर असं नाव दिलं. पुढे उडी मारायची असेल तर आधी या कोपऱ्यात यायचं. पुढचा तुकडा मांडला गेला की त्याचा पत्ता कोपऱ्यात लिहायचा. उडी कोपऱ्यातून पुढे जाते. डोक्याला शॉट नाही.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. प्रतिसाद थंड. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं जाणकारच सांगत होते. हॉपर थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये ए-टू ही सुधारलेली आवृत्ती ग्राहकांना दिली, तीही आतल्या सगळ्या कोडसकट, आणि सुधारणा सुचल्या तर कळवा म्हणून सांगितलं. ओपन सोर्सचा इतिहास सांगणारे आज इथून सुरुवात करतात.

आता दुसरी लढाई, भाषेची.

युनिव्हॅकचे ग्राहक म्हणजे विमा कंपन्या, पोलाद कारखाने, सरकारी खाती. तिथल्या हिशेबनिसांना गणिती चिन्हं बघून घाम फुटायचा. त्यांना पगारपत्रक आणि मालाचा साठा पाहिजे होता. हॉपर यांनी कंपनीला सुचवलं, की प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत लिहू द्या, कंपायलर त्याचं मशीनच्या आज्ञांमध्ये रूपांतर करेल. उत्तर आलं, कॉम्प्युटरला इंग्रजी समजत नाही.

मग १९५५ च्या सुरुवातीला त्यांच्या टीमनं एक छोटा नमुना करून साहेबांना दाखवला. साठा आणि किंमत यांचा साधा प्रोग्राम, इंग्रजी शब्दांत. चालला. मग त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच शब्दांत चालवला. नंतर जर्मन शब्दांत. आज्ञा तयार झाल्या त्या तिन्ही वेळा सारख्याच.

हॉपर यांच्या दृष्टीनं हा साधा मुद्दा होता. मशीनला कुठल्याच शब्दाचा अर्थ कळत नाही. अमुक अक्षरं अमुक क्रमानं आली की यादीत बघायचं आणि त्यासमोरचा तुकडा उचलायचा. यादीत इंग्रजी शब्द ठेवा, फ्रेंच ठेवा, नाहीतर रोमन अक्षरांत आपला ‘मोज’ आणि ‘वाच’ ठेवा, त्याला काय?

पण साहेबांनी भलताच अर्थ काढला. युद्ध संपून दहाच वर्षं झाली होती आणि अमेरिकेत परक्या गोष्टींचा संशय हवेत होता. फिलाडेल्फियात बनलेला अस्सल अमेरिकन कॉम्प्युटर फ्रेंच आणि जर्मन कसा काय समजू शकतो, असा त्यांचा सूर. आपण फक्त इंग्रजीच वापरणार आहोत हे पटवून देण्यात हॉपर यांचे पुढचे काही महिने गेले. पैसे मिळाले, पण बहुभाषेची कल्पना तिथंच मागे ठेवावी लागली. सगळ्यात हुशार डेमो, आणि त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली आणि १९५८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. पण तोवर प्रत्येक कंपनी आपापली भाषा काढू लागली होती. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना. एप्रिल १९५९ मध्ये बरोज कंपनीच्या मेरी हॉझ यांच्या पुढाकारानं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बैठक झाली, मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पेंटॅगॉनमध्ये मोठी बैठक घेतली आणि त्यातून कोबोल जन्माला आली.

हॉपर यांना कोबोलची आई म्हणतात. ते थोडं ओढूनताणून आहे. भाषा एका समितीनं बनवली, जीन सॅमेट यांच्यासारख्या लोकांनी त्यात राबून काम केलं, आणि हॉपर त्या समितीत नव्हत्या. त्या वरच्या समितीच्या सल्लागार होत्या. पण कोबोलचा सांगाडा बराचसा फ्लो-मॅटिकचा, त्यामुळे आजी म्हटलं तर कुणाची हरकत नसावी. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवण्यात आला. पुढे जगभरातल्या बँका आणि विमा कंपन्या याच भाषेवर उभ्या राहिल्या. २००० साल जवळ आलं तेव्हा वायटूकेच्या दुरुस्तीसाठी भारतातल्या आयटी कंपन्यांना जी कामं मिळाली, पुण्या-मुंबईच्या कित्येक पोरांनी ज्यासाठी घाईघाईनं कोबोलचे क्लास लावले, ती हीच कोबोल.

इकडे नौदलानं त्यांना १९६६ च्या शेवटी निवृत्त केलं. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलात प्रत्येक ठिकाणी कोबोलची वेगवेगळी बोली चालू होती. सहा महिन्यांचं काम जवळपास एकोणीस वर्षं चाललं, मध्ये १९७१ ला पुन्हा एकदा निवृत्ती आणि पुन्हा बोलावणं धरून. त्यांनी कंपायलर तपासायच्या चाचण्या बनवून घेतल्या. कंपनी कितीही मोठी असो, तिचा कंपायलर या चाचणीत पास झाला तरच तो प्रमाण भाषेला धरून आहे असं मानायचं. या चाचण्या पुढे सरकारी खरेदीतही आल्या.

त्यांच्या ऑफिसात भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ होतं. भाषणांना जाताना त्या ३० सेंटीमीटरच्या वायरीचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. एक अब्जांश सेकंदात वीज जास्तीत जास्त इतकीच लांब जाऊ शकते, हे ॲडमिरलांना हातात धरून कळावं म्हणून. सोबत एका मायक्रोसेकंदाचं जवळपास ३०० मीटर वायरीचं भेंडोळंही असायचं.

१९६९ मध्ये डेटा प्रोसेसिंगवाल्यांच्या संघटनेनं त्यांना पुरस्कार दिला, त्याचं नाव होतं मॅन ऑफ द इयर. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना कमोडोर केलं, दोन वर्षांनी त्या पदाचं नाव रिअर ॲडमिरल झालं आणि त्या पणजोबांच्या पंगतीत जाऊन बसल्या. १४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९, नौदलातल्या सगळ्यात वयस्कर कार्यरत अधिकारी. घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

१ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप दिला गेला. पीएलसीच्या प्रोग्रामिंग भाषांचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयईसी ६११३१-३, प्रसिद्ध झालं त्यानंतरच्या वर्षी.